बाजारपेठेतल्या घरावर सोलर: सावली, खारा वारा आणि नट-बोल्ट

मालवण, राजापूर किंवा अलिबागच्या जुन्या पेठेत घरं एकमेकांना खेटून उभी असतात. दर्शनी भाग पंधरा-अठरा फूट आणि लांबी त्याच्या तिप्पट-चौपट. पुढे दुकान, मागे घर, वर अर्धा स्लॅब, अर्धी कौलं, आणि परसात विहिरीच्या कडेला एखाददुसरा माड. अशा घरावर सोलर बसतं का, हा पहिला प्रश्न असतो. बहुतेक ठिकाणी बसतं. मात्र मोकळ्या माळावरच्या बंगल्याचा हिशेब इथे चालत नाही. पेठेत तीन गोष्टी काम बिघडवतात: शेजारच्या इमारतीची सावली, समुद्राचा खारा वारा आणि मेच्या मध्यापासून सुटणारं वादळी वारं. पॅनल सहसा चांगलंच येतं. आधी बिघडतं ते त्याच्या खालचं लोखंड, नट-बोल्ट आणि अर्थिंग. म्हणून कोटेशन हातात आलं की पॅनलच्या ब्रँडआधी खालच्या सांगाड्याची ओळ वाचा.

किती किलोवॅट हवं

पॅनलमध्ये उन्हापासून डीसी वीज तयार होते. इन्व्हर्टर तिची एसी करतो, ती आधी घरात वापरली जाते आणि उरलेली नेट मीटरमधून महावितरणच्या तारेवर जाते. मीटर दोन्ही बाजूंची युनिटं मोजतो आणि बिल फरकावर येतं.

वर्षाची सरासरी धरली तर 1 किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास. कोकणात ही सरासरी फार ओढाताण करून येते. मार्च-एप्रिलमध्ये आकडा वर असतो, जुलैत निम्म्याहून खाली येतो, आणि झड लागलेल्या दिवशी 1 किलोवॅटला एक युनिटही मिळत नाही. त्यामुळे एका महिन्याचं बिल पाहून ठरवू नका, बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा. वर्षाला 3,500 ते 4,000 युनिट जाळणाऱ्या घराला 3 किलोवॅट पुरतं.

त्याहून मोठं बसवायचा मोह टाळावा, कारण हिशेब 31 मार्चला बंद होतो. वर्षभरात उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात धरली जातात, पण आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे तुम्ही वीज घेता त्यापेक्षा कमी दराने मिळतात. डिसेंबर ते मार्चमध्ये साठलेली भर मेच्या उकाड्यात एसीला वापरू असं गणित मांडलं असेल तर ते मधल्या 31 मार्चला तुटतं. याउलट एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यातली तूट नक्की भरून काढते. शिवाय घरगुती बिल 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी महागत जातं. सोलरमुळे आधी वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं कमी होतात. शेवटची शंभर युनिटं वाचवण्यासाठी घातलेला पैसा सगळ्यात हळू फिटतो, आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो.

मुंबईला असणाऱ्या चाकरमान्यांचं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडणारं घर या हिशेबात बसत नाही. वर्षभर सगळी वीज बाहेर जाणार आणि तिला कमी भाव मिळणार. त्यात घर बंद करताना मेन स्विच पाडण्याची पद्धत. मेन स्विच पाडला आणि सोलरची जोडणी त्याच्या घरच्या बाजूला असली तर इन्व्हर्टरही बंद पडतो.

सावली: मोजपट्टी घेऊन गच्चीवर

सध्याचं 540 वॅटचं पॅनल साधारण 2.28 मीटर लांब, 1.13 मीटर रुंद आणि 28 ते 32 किलो वजनाचं असतं. अशी सहा लावली की 3 किलोवॅट होतात. नुसत्या पॅनलांना 165-170 चौरस फूट लागतात, पण चालायची जागा, कठड्यापासूनचं अंतर आणि ओळींमधली फट धरून 250 ते 300 चौरस फूट मोकळी गच्ची हवी.

मोकळी म्हणजे बिनसावलीची. रत्नागिरी 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून सुमारे 50 अंशांवर असतो आणि 1 मीटर उंच वस्तूची सावली उत्तरेला 85 सेंटिमीटर पडते. माध्यान्हीच्या तीन तास आधी आणि नंतर तो 30 अंशांवर येतो. तेव्हा तीच सावली 1.7 मीटर लांब होते: उत्तरेकडे 1.13 मीटर, पूर्व-पश्चिमेला 1.3 मीटर. यातून गच्चीवर वापरायचं साधं माप मिळतं. दक्षिणेच्या अडथळ्याची जितकी उंची, त्याच्या सव्वापट अंतर सोडा. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अडथळ्यासाठी उंचीच्या 1.3 पट. दक्षिणेचा कठडा 1 मीटरचा असेल तर पहिली ओळ सव्वा मीटर आत घ्या, किंवा पॅनलची खालची कड कठड्याइतकी वर उचला. जिन्यावरची खोली 2.4 मीटर उंच असली तर तिच्या उत्तरेचे 3 मीटर सोडून द्या. काळी पाण्याची टाकी दक्षिणेला असेल तर ती उत्तरेला हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. प्लंबरच्या एका दिवसाच्या कामात वर्षभराची सावली जाते.

घड्याळ बघताना एक लक्षात ठेवा. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, आणि आपण 73 अंशांच्या आसपास. आपला सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान. म्हणून सावलीची पाहणी सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला करावी, शक्यतो डिसेंबरात.

पेठेत खरी अडचण पूर्व-पश्चिमेची असते. शेजारची इमारत तुमच्या गच्चीपेक्षा दोन मजले, म्हणजे 6 मीटर उंच असली तर सकाळी साडेनऊला तिची सावली 7.8 मीटर आत येते. अठरा फुटी गच्ची अख्खी झाकली जाते. अशी भिंत एकाच बाजूला असेल तर अर्धा दिवस तरी ऊन मिळतं. दोन्ही बाजूंना असेल तर त्या गच्चीवर सोलर बसवू नका. विक्रेता काहीही सांगो, आमचं मत हेच. उत्तरेच्या उंच इमारतीकडेही एकदा बघावं: मे ते जुलै सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळची सावली उत्तरेकडून येते.

थोडीशी सावली का चालत नाही? सहा पॅनल एका माळेत, एकामागे एक जोडलेली असतात आणि माळेतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनलमधले काही सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, झाकले की ते प्रवाह अडवतात आणि तापतात. पॅनलमागच्या डब्यातले तीन बायपास डायोड तो भाग वळसा घालून टाळतात, पण टाळलेल्या भागाची वीज जातेच. हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र चालतो. उभ्या पॅनलच्या खालच्या आखूड कडेवर सावली आली तर अर्धं पॅनल जाऊ शकतं. तीच सावली लांब कडेलगत आली तर एक तृतीयांश जातं. त्यामुळे कठड्याची सावली टळतच नसेल तर पॅनल आडवी लावणं शहाणपणाचं. आणि एका-दोन पॅनलांवरच रोज सावली येत असेल तर त्यांना ऑप्टिमायझर (त्या पॅनलची वीज वेगळी सांभाळणारा डबा) किंवा सगळ्यांना मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलमागे एक छोटा इन्व्हर्टर) लावावा. खर्च वाढतो, पण एका पॅनलची सावली बाकीच्यांना बाधत नाही.

माडाची झावळ वाऱ्याने हलत असते म्हणून तिची सावली किरकोळ वाटते. ती किरकोळ नसते. शिवाय वाळकी झावळ आणि नारळ दोन्ही काच फोडतात. माडाच्या बुंध्यापासून झावळीच्या लांबीइतकं, म्हणजे पाच-सहा मीटर अंतर ठेवावं.

शेजारचं जुनं एकमजली घर पाडून उद्या इमारत उठणार असेल तर तुमचं ऊन जाणार. शेजाऱ्यांशी आधी बोला. पंचवीस वर्षांची वस्तू बसवताना हे बोलणं कोटेशनइतकंच महत्त्वाचं आहे.

वारा आणि सांगाडा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे, कौलं, माड उडाले. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. ताशी 120 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे 68 किलोचा दाब देतो. एका पॅनलचं क्षेत्रफळ 2.58 चौरस मीटर, म्हणजे त्याला उचलू पाहणारं बळ 175 किलोपर्यंत जाऊ शकतं. सहा पॅनलांना मिळून एक टन. पॅनलांचं स्वतःचं वजन दोनशे किलोही नाही. स्लॅबला वजनाची भीती नसते, भीती उडण्याची असते.

एक फुटी घन काँक्रीटचा ठोकळा 65-70 किलोचा होतो. नुसते चार-सहा ठोकळे ठेवून काम भागत नाही, हे या आकड्यांवरूनच दिसतं. पायाच्या पट्ट्या शक्यतो तुळई किंवा कॉलमच्या रेषेत केमिकल अँकरने (छिद्रात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) बसवाव्यात आणि प्रत्येक छिद्राभोवती वॉटरप्रूफिंग करून वर ठोकळा ओतावा. छिद्र उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात खोलीचं छत ओलं होतं. गळतीच्या भीतीने अँकरच नाकारणारे लोक भेटतात. त्यांची काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर नीट वॉटरप्रूफिंग हे आहे.

खाली वावरता यावं म्हणून आठ फूट उंच सांगाडा करण्याची हौस किनाऱ्यावर आवरावी. जितकं उंच तितकं वारं खालून भरतं आणि पायांवरचा ताण वाढतो. कल 15 ते 17 अंश आदर्श, पण 10 अंशांवर आणल्याने वीज फारशी घटत नाही आणि वाऱ्याचा मारा मात्र कमी होतो. 10 अंशांच्या खाली जाऊ नका, नाहीतर खालच्या कडेला पाणी साचतं आणि पावसाळाभर तिथे शेवाळ धरतं. अरुंद गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करणं जमत नसेल तर 10 अंशांवर पूर्व-पश्चिम मांडणी करा. नुकसान पाच टक्क्यांच्या आसपास असतं.

गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्या शेडवर पॅनल बसवायचं तर पत्र्याला नव्हे, खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, धरून बसवा. आधी पर्लिनची जाडी, वेल्डिंगचे सांधे आणि खांबांचे पाय तपासा. गंजलेल्या शेडवर नवं सोलर चढवू नका. वादळात शेड आणि पॅनल दोन्ही एकत्र उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडतात.

कौलारू छपरावर काम होतं, पण जपून. कौल काढायचं, खालच्या वाशाला स्टेनलेस स्टीलचा हूक स्क्रूने धरायचा, कौलाला हुकापुरती खाच करून ते पुन्हा बसवायचं. हूक रिपेला धरला तर रीप उपटून येते. वासा वाळवीने पोकळ झालाय का ते टोच्याने टोचून पाहा. कौल चालण्यासाठी नसतं, त्यावर फळ्या टाकूनच वावरावं, आणि पन्नासेक जादा कौलं हाताशी ठेवावीत, कारण त्याच मापाची नंतर मिळतीलच असं नाही. वासे कमजोर असतील तर परसात खांब उभारून छपराच्या वर स्वतंत्र सांगाडा करणं बरं. माकडांचा त्रास असेल तिथे पॅनलखाली लोंबत्या वायरी ठेवू नका, पाइपात बंद करा.

खारं हवामान

समुद्रापासून किंवा खाडीपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतलं घर खाऱ्या वाऱ्यात आहे असंच धरावं. पॅनलला आयईसी 61701 ही मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालेली आहे का ते डेटाशीटवर बघा.

सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा, थर 80 मायक्रॉन. बाजारात जीपी पाइप म्हणून जो चमकदार चौकोनी पाइप मिळतो त्यावर जस्ताचा थर दहा-वीस मायक्रॉनचाच असतो. दिसायला दोन्ही सारखे, किनाऱ्यावर टिकायला मुळीच सारखे नाहीत. थर मोजायचं छोटं मीटर असतं, ते कंत्राटदाराला आणायला सांगा आणि पैसे देण्याआधी चार ठिकाणी मोजा. हॉट-डिप झाल्यावर कापलं, भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं की तिथला थर गेला. गंज तिथूनच सुरू होतो. सगळी भोकं आधी पाडून मग डिप केलेला, नट-बोल्टने जोडायचा सांगाडा मागा. जागेवर एखादा काप अटळ असेल तर त्यावर झिंकयुक्त पेंटचे दोन हात.

बोल्ट स्टेनलेस म्हणजे कुठलं स्टेनलेस? डोक्यावर ए2-70 असेल तर ते 304, ए4-70 असेल तर 316. किनाऱ्यावर 316 घ्या. अख्ख्या कामात काही हजारांचा फरक पडतो. स्टेनलेसचा नट आवळताना जाम होऊन बसतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावावं. अॅल्युमिनियमची पॅनलची चौकट आणि लोखंडी सांगाडा खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले तर त्यांची छोटी बॅटरी तयार होते आणि एक धातू झिजत जातो. मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी. मग चौकटीचं अर्थिंग त्या टेकण्यावर सोडू नये, स्वतंत्र वायर घ्यावी. तांब्याची अर्थिंग वायर गॅल्वनाइज्ड पट्टीला थेट जोडू नये, तिथे बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन धातू जोडणारं वायरीचं टोक, लागतो.

इन्व्हर्टर, वायर आणि अर्थिंग

सहा पॅनलांची माळ उघड्यावर 300 व्होल्टच्या जवळ डीसी देते आणि ऊन असेपर्यंत ती कुठल्याही स्विचने पॅनलपाशी बंद होत नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. बऱ्याच आगी सैल किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या जुळवलेल्या एमसी4 कनेक्टरमधून (पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या खटक्यांमधून) लागतात. कनेक्टर एकाच बनावटीचे, योग्य पकडीने दाबलेले, आणि पाणी साचेल तिथे न लोंबणारे हवेत. वायर 4 चौरस मिलिमीटरची सोलर डीसी केबल, यूव्ही टिकवणाऱ्या पाइपात. जुन्या लाकडी माडीतून ती नेऊ नका, बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवरून उतरवा.

इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर जागी, समुद्राकडच्या वाऱ्याला पाठ करून. चिपळूण, महाड, राजापूरच्या पेठेत आणखी एक अट: पुराच्या रेषेच्या वर. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. इन्व्हर्टर, डीसी बॉक्स आणि एसी बॉक्स वरच्या मजल्यावरच लावा.

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी वायर बारीक घेतली की वेगळाच त्रास होतो. 3 किलोवॅटला 13 अँपिअर वाहतात. 25 मीटर अंतराला 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत जवळजवळ 5 व्होल्ट चढतात, 4 च्या वायरीत 3. पेठेतल्या ट्रान्सफॉर्मरजवळ विजेचा दाब (व्होल्टेज) आधीच वरचा असतो. त्यात हे व्होल्ट मिसळले की भर दुपारी इन्व्हर्टर जादा दाबाची चूक दाखवून बंद पडतो. असं वारंवार झालं तर आधी वायर तपासा, मग महावितरणकडे दाबाची तक्रार करा.

अर्थिंगचे तीन खड्डे लागतात: सांगाडा-डीसी, एसी आणि वीजरोधक. जांभ्यात इलेक्ट्रोड ठोकून जात नाही, बोअर मारून बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरावं लागतं. खड्ड्याच्या रोधाचं (ओहमचं) वाचन मे महिन्यात घ्या. ऑगस्टच्या ओल्या मातीत कुठलाही खड्डा चांगलाच आकडा दाखवतो. मे मध्ये 5 ओहमच्या आत असेल तर काम पक्कं. मीठ-कोळशाचा खड्डा विहिरीपासून लांब ठेवा. वीजरोधकाचा दांडा पॅनलांच्या उत्तरेला, म्हणजे त्याची सावली पडणार नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनंतर डीसी आणि एसी बॉक्समधल्या सर्ज अरेस्टरची (विजेचा झटका झेलणाऱ्या भागाची) खिडकी बघा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर तो बदला.

वीज गेली की सोलरही बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशीच रचना असते. पावसाळ्यात रात्र-रात्र वीज जाणाऱ्या भागात पंखे, दिवे आणि फ्रिज चालवायचे असतील तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे खरेदीआधी ठरवा.

कागद

फेब्रुवारी 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे. त्यासाठी भारतात बनलेल्या सेलचंच पॅनल लागतं. सोसायटीला जिना, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000. योजनेच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, उभारणी, नेट मीटर, तपासणी, आणि शेवटी बँक खात्याची माहिती असा क्रम असतो. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, ती करारात लिहून घ्या.

पेठेत अडतं ते नावावर. बिल आजोबांच्या नावे, मिळकत पत्रिकेवर पाच चुलत भावंडं, त्यांतली तिघं मुंबईत. अर्जदार, वीजग्राहक आणि बँक खातं एकाच नावाचं हवं, म्हणून आधी वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्या आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. मंडळी गणपतीला घरी येतात, तेव्हाच सह्या होतात. उभारणी मग दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत. त्याआधी बोळाची आणि जिन्याची रुंदी मोजा. सव्वादोन मीटरचं पॅनल जुन्या लाकडी जिन्यातून वळत नाही, बाहेरून दोराने चढवावं लागतं, आणि तेव्हा समोरच्या वीजतारांपासून अंतर राखणं भाग आहे. अॅल्युमिनियमची शिडी त्या बोळात आणू देऊ नका.

वर्षभराची निगा

पावसाळ्यात पॅनल आपोआप धुतलं जातं. ऑक्टोबरनंतर मिठाचा आणि धुळीचा पातळ थर बसतो, पक्ष्यांची विष्ठा साचते. दर पंधरा दिवसांनी पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, ते वाळून काचेवर पांढरा थर सोडतं. पॅनलवर पाय देऊ नका, काच शाबूत दिसली तरी आतले सेल तडकतात.

दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात, वळवाच्या आधी, प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या, गंजाचे ठिपके घासून झिंक पेंट लावा आणि अर्थिंगचं वाचन वहीत लिहा. मागच्या मेपेक्षा आकडा वाढलेला दिसला तर खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा. तरी उतरला नाही तर सांधा उघडून बघा, लग हिरवा पडलेला सापडतो.